घरपट्टीची पावती घ्या आणि ग्रामसभेत जा: गावच्या शाळेच्या पैशाचा हिशोब कसा मागायचा

माझी मुलगी सहावीत होती. मधली सुट्टी झाली की ती धावत घरी यायची, लघवीला जाऊन तशीच पळत शाळेत. आमचं घर शाळेपासून चार मिनिटांवर, म्हणून तिचं भागत होतं. वरच्या टोलीवरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतून, येणाऱ्या पोरींचं भागत नव्हतं. त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. मी एकीला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, पाणी पेलं का मंग तुरीत जा लागते."

शाळेत मुलींचं शौचालय होतं. निळा पत्र्याचा दरवाजा, त्याला गंजलेलं कुलूप. आत टाकी नाही, नळ नाही, एक सीट फुटलेली. आणि ग्रामपंचायतीच्या कागदावर त्याच शौचालयाची दुरुस्ती पूर्ण होऊन 48,600 रुपयांचं बिल निघालेलं होतं.

हे मला कसं कळलं आणि पुढे काय केलं ते सांगते. मी वकील नाही, पुढारी नाही. बारावी शिकले, घरी पाच एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षं अध्यक्ष होते. जे कळलं ते चुका करत कळलं. तुमच्या त्या चुका टळाव्यात म्हणून लिहिते.

पहिलं काम: आपली पावती काढा

माझे सासरे घरपट्टीच्या सगळ्या पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. पावतीवर वर बारीक अक्षरात 'नमुना 10' छापलेलं असतं. खाली घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने. शहरात मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कराची वेगळी ओळ असते, आपल्या पावतीत नसते. म्हणून गावात बहुतेकांना वाटतं की शाळेचा आणि आपल्या कराचा काही संबंध नाही, शाळा सरकारची. हा समज आधी मनातून काढा.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. तिथे घरावरच्या करातला मोठा वाटा शाळेला जातो आणि शाळांचा कारभार वेगळं निवडून आलेलं मंडळ पाहतं. शाळेची इमारत बांधायला कर्जरोखे काढायचे तर त्यावर लोकांचं मतदान घ्यावं लागतं. 2019 च्या कायद्यानंतर तर मतपत्रिकेवरच मोठ्या अक्षरांत छापावं लागतं की ही मालमत्ता करातली वाढ आहे. भाचा अजून तिथला नागरिक नाही, त्याला मत नाही, पण घर आहे म्हणून कर भरतो. त्याने मला शेजाऱ्याकडच्या नमुना मतपत्रिकेचा फोटो पाठवला होता. मी तो फोटो कितीतरी वेळ पाहत बसले. आपल्याकडे शाळेच्या खर्चावर असं हो-नाहीचं मतदान होत नाही. पण आपल्याकडे ग्रामसभा आहे. तिथे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस सभासद आहे. त्यासाठी निवडून यावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधी करा. स्वतःची थकबाकी असेल तर भरा. कायद्याने थकबाकीदारालाही ग्रामसभेत बोलता येतं, पण गाव ऐकत नाही. "आधी घरपट्टी भर, मंग बोल" या एका वाक्यात तुमचा प्रश्न संपतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. ग्रामपंचायत सदस्याने मागणीचं बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये तशी तरतूद आहे. कोणाकडे किती मागणी आहे ते नमुना 9 च्या नोंदवहीत दिसतं. मी हे शस्त्र कोणावर चालवलं नाही. पण ते माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही.

पैसा कोणकोणत्या वाटेने येतो

शाळेचा पैसा एका थैलीतून येत नाही. गुरुजींचा पगार शासन देतं, तो विषय इथे सोडून द्या. आपल्याला दोन थैल्या पाहायच्या आहेत.

पहिली म्हणजे समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळांसाठीच्या योजनेचं शाळा अनुदान. ते पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर, ठरतं. केंद्राच्या निकषात 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000 आणि 1,000 पर्यंत 75,000. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हा निकष झाला. प्रत्यक्षात पैसा हप्त्याने येतो, कधी उशिरा येतो, कधी कमी येतो. म्हणून "पंचवीस हजार कुठे गेले?" असं गुरुजींना एकदम विचारू नका. आधी मंजुरीचा आदेश दाखवा म्हणा. आमचा पट 58 होता. आदेश पाहिला तेव्हा कळलं की त्या वर्षी आलेली रक्कम खरंच कमी होती, आणि खडू, लाइटबिल, झाडू यात गुरुजींनी स्वतःच्या खिशातले पैसेही घातले होते. त्यांच्यावर आधी संशय घेतला म्हणून मला आजही वाईट वाटतं.

दुसरी थैली ग्रामपंचायतीची. तिच्यात स्वतःचं उत्पन्न येतं, म्हणजे आपली घरपट्टी. त्यातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. आणि केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा निधीही याच थैलीत. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा 2021 ते 2026 या काळात 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि 40 टक्के अबंधित. आमच्या शौचालयाचं काम बंधित निधीतलं होतं.

हे मला रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर दिसलं. ई-ग्रामस्वराज म्हणून केंद्राचं संकेतस्थळ आहे. त्यात राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि मग आपली ग्रामपंचायत निवडत जायचं. वर्ष निवडलं की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. इंग्रजी कळत नसेल तर दहावी-बारावीच्या पोराला शेजारी बसवा. आराखड्यातल्या कामाचं नाव, रक्कम, तारीख वहीत उतरवा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. त्या रात्री 'मुलींचे शौचालय दुरुस्ती, जि. प. शाळा' ही ओळ मी तीनदा वाचली. नवऱ्याला उठवून दाखवली. तो म्हणाला, "उद्या पाहू." मला झोप आली नाही.

समितीचा अधिकार गावाला माहीतच नसतो

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्या गावच्या शाळेसारख्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. कलम 21 मध्ये समितीचं एक काम असं लिहिलं आहे की शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा इतर कोणत्याही मार्गाने शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचं. 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे आपल्यासाठी ग्रामपंचायतसुद्धा. म्हणजे ग्रामपंचायतीने शाळेवर पैसा खर्च केला तर "तुमचा काय संबंध?" असं समितीला कोणी म्हणू शकत नाही. मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, कुंपण हे त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे.

तुमच्या शाळेत समिती खरोखर आहे का ते तपासा. फलकावर नावं असतात. त्यातल्या तीन बायांना जाऊन विचारा, "तुम्ही समितीत आहा का?" आमच्याकडे एकीला माहीतच नव्हतं. तिची सही मात्र महिन्याच्या महिन्याला होती. अशी समिती असेल तर पालकसभा मागा आणि नव्याने निवड करून घ्या. मी अशीच निवडून आले.

प्रश्न लेखी द्या

पहिल्या वर्षी मी सरळ 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभी राहिले आणि बोलले. आवाज चढला, रडूही आलं. दोन माणसं माझ्या बाजूने बोलली, चार विरोधात. चहा झाला, सभा संपली. महिन्याने प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय झालं ते लिहायची वही, पाहिलं तर त्यात माझ्या प्रश्नाचा एक शब्द नव्हता. बोललेलं हवेत जातं, हा धडा मी तिथे शिकले.

दुसऱ्या वेळी सभेच्या दहा दिवस आधी अर्ज दिला. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे विषयपत्रिकेत घ्यायला लावायचं तर त्याआधी जायला पाहिजे. अर्ज एवढाच होता:

"प्रति, सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी. विषय: शाळेतील मुलींच्या शौचालय दुरुस्तीचा खर्च ग्रामसभेपुढे ठेवणेबाबत. वरील कामावर 48,600 रुपये खर्च झाल्याचे ऑनलाइन दिसते. या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, प्रमाणके आणि पूर्णत्वाचा दाखला येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. हा विषय विषयपत्रिकेत घ्यावा. सोबत: चालू वर्षाच्या घरपट्टी पावतीची प्रत."

बस. भ्रष्टाचार, चौकशी, कारवाई असा एकही शब्द नाही. तो शब्द लिहिला की समोरचा माणूस हिशोबाचं सोडून इज्जतीचं बोलायला लागतो. एकच काम, एकच रक्कम, चार कागद. मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात ती वही, आणि प्रमाणकं म्हणजे खर्चाची व्हाउचर. दोन प्रती काढा, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. याला पोच म्हणतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आमच्याकडे शिपाई म्हणाला, "ठेवून जा ना वहिनी, साहेब आले का देतो." मी म्हटलं, "बसते मी, भाऊ." दीड तास बसले. साहेब आले, पोच मिळाली.

कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर सांगते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. कपाशी वेचायच्या दिवसांत एवढी माणसं जमत नाहीत. मग काय होतं, सभा झाल्यावर रजिस्टर घरोघर फिरतं. दाराशी कोणीतरी येतो, "काकू, इथं सही करा," म्हणतो, आपण पिठाचे हात पुसून सही करतो. आपली सही होते, आणि वरच्या कोऱ्या जागेत नंतर ठराव लिहिला जातो. त्या ठरावाला आपण साक्षीदार ठरतो. शौचालयाच्या कामाला मान्यता देणाऱ्या ठरावाखाली माझ्या जावेची सही होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "माय, मले वाटलं राशनचं हाय."

म्हणून घरी आलेल्या रजिस्टरवर सही करायची नाही. मागचा ठराव पूर्ण लिहिलेला आणि खाली रेघ मारलेली दिसली, तो वाचला, तरच करायची. आम्ही बचत गटाच्या बैठकीत हे सगळ्या बायांना सांगितलं. पुढच्या खेपेला रजिस्टर फिरायला आलं तेव्हा आमच्या ओळीतल्या अकरा घरांनी सही दिली नाही. त्यानंतर सभेच्या जागीच ठराव लिहिणं सुरू झालं. हे एकच पाऊल उचललं तरी गावात पुष्कळ बदल होतो.

आणखी एक. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती बहुतेक गावांत कागदावर होते. तुम्ही ती खरी करा. आमच्या महिला सभेत तुकडोजी महाराजांच्या फोटोखाली तेवीस बाया बसल्या होत्या. समोर पुरुष नव्हते तेव्हा वरच्या टोलीतली एक बाई पहिल्यांदा उभी राहून बोलली की तिची पोरगी पाळीच्या दिवसांत शाळेतच येत नाही. हे मोठ्या सभेत ती कधीच बोलली नसती. महिला सभेचा ठराव मोठ्या सभेत वाचला गेला, म्हणून तो प्रश्न माझ्या एकटीचा राहिला नाही.

सभेत बोलताना बसून बोलू नका, उभं राहा. पहिलं वाक्य अर्जाची तारीख सांगणारं ठेवा: "अमुक तारखेला अर्ज दिला, पोच माझ्याजवळ आहे." उत्तर मिळालं नाही तर भांडत बसू नका, एवढंच म्हणा, "उत्तर मिळालं नाही असं प्रोसिडिंगमध्ये लिहा." आणि ते लिहून होईपर्यंत उभ्या राहा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' हे म्हटलं आणि 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो अशाच बसून, सगळ्यांचं ऐकून, लिहून ठेवण्याच्या सवयीने.

कागद पाहायला स्वतः जा

आमच्या सभेत मोजमाप पुस्तिका आली नाही. "पंचायत समितीत आहे," म्हणाले. मग मी माहितीचा अधिकार वापरला. जोडपत्र अ चा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत आणि विषय एकच. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही की 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

पण झेरॉक्स मागण्याआधी 'अभिलेखांचे निरीक्षण' मागा. म्हणजे कार्यालयात बसून मूळ वह्या पाहायच्या. पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. मग लागतील तेवढ्याच पानांच्या प्रती घ्यायच्या, 2 रुपये पान. मी आणि माझी जाऊ दोघी गेलो. एकटीने जाऊ नका. नमुना 5 ची रोकड वही उघडली, ती तारीख शोधली, प्रमाणकाचा नंबर मिळाला, प्रमाणकामागे बिल. बिलात होतं: 500 लिटरची टाकी, नग 1. सीट, नग 3. नळ, पाइप, रंगकाम. मोजमाप पुस्तिकेतही तेच, खाली अभियंत्याची सही. जाऊ हळूच म्हणाली, "रंग तं लावला बाई त्यांनी." खरंच, दरवाजा निळा होता.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई माझ्या घरी आल्या. माझ्याच वयाच्या, आरक्षणातून निवडून आलेल्या, कारभार नवऱ्याच्या हातात. वित्त आयोगाचं बिल निघतं ते सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीने, म्हणजे डोंगलने. मी विचारलं, "बाई, डोंगल कोणाजवळ असते?" त्या खाली पाहत म्हणाल्या, "मी तं ते एकदाच पाह्यलं, वहिनी. कॉम्प्युटरवाल्या पोराजवळ राह्यते." त्यांना बिलाची रक्कमही माहीत नव्हती. मी त्यांना झेरॉक्स दाखवली, त्यांच्या नावाची सही दाखवली. उद्या वसुली निघाली तर ती त्यांच्या नावावर निघेल हे समजावून सांगितलं. त्या रडल्या. मी चहा केला. तुमच्याही गावात सरपंच बाई असेल तर तिला शत्रू समजून सुरुवात करू नका. आधी तिच्याजवळ बसून विचारा, डोंगल कुठे आहे.

महिनाभरात सरपंचबाईंनी डोंगल स्वतःकडे घेतलं आणि ठेकेदाराला लेखी पत्र दिलं: काम पूर्ण करा, नाही तर रक्कम परत भरा. त्याची प्रत आम्ही गटविकास अधिकाऱ्यांना पाठवली. अशी प्रत वर पाठवली की स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणात तो कागद समोर येतो. ठेकेदार हे जाणत होता.

दिवाळीच्या आधी बंडीवरून काळी टाकी आली. समितीच्या चार बाया तिथे उभ्या होत्या, बिलाची झेरॉक्स हातात. टाकी एक, बरोबर. सीटा तीन म्हटलं होतं, दोन आणल्या होत्या. त्याला परत पाठवलं. तिसरी सीट संध्याकाळी आली. नळ उघडून पाणी वाहताना पाहिलं, मग पूर्णत्वाच्या कागदावर समितीने सही केली. कुलूप काढलं. आता आतून कडी आहे आणि साबण पाचवीच्या वर्गाच्या खिडकीत ठेवतात.

माझी मुलगी तोवर आठवीला तालुक्याच्या शाळेत गेली होती. तिने ते शौचालय कधी वापरलं नाही. टोलीवरची पोरगी मात्र परवा दिसली, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून चालली होती, भरलेली.

यंदा दुसऱ्या वर्गखोलीचं छत गळतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहून ठेवला आहे, जोडायची घरपट्टीची पावतीही पेटीतून काढून ठेवली आहे. सोमवारी पोच घ्यायला जाते.